१८० स्टोऱ्या साचल्यात, युजर स्टोरी मॅपिंग करून रिलीज कसे पाडायचे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: टीम सात जणांची, जिरात (कामांची यादी ठेवायचं सॉफ्टवेअर) १८० स्टोऱ्या, म्हणजे वापरणाऱ्याला काय हवं ते सांगणाऱ्या छोट्या नोंदी, आणि दर रिलीजची, म्हणजे तयार भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यायची, तारीख पुढं जाते. कुणीतरी युजर स्टोरी मॅपिंग करा म्हणालंय. ते सगळ्यांनी मिळून करायचं कसं, आणि थेट जिरातच करावं का?

मी बेळगावात टिळकवाडीतल्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे. आम्ही नऊ जण. आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे चिकोडीकडचा एक साखर कारखाना. पहिल्या वर्षी आम्ही कशी माती खाल्ली ते आधी सांगतो, कारण तुमचंही तेच होत असावं.

आम्ही कामाचे मॉड्यूल पाडले. आधी ऊस नोंद, मग तोडणी कार्यक्रम, मग काटा, शेवटी बिल. नोंदीवर अडीच महिने घासले: उताऱ्याचा नंबर, लागण की खोडवा, उसाची जात, पाण्याची सोय, सगळं. गव्हाणीत मोळी पडली, म्हणजे गाळप हंगाम सुरू झाला, त्या दिवशी नोंदीची स्क्रीन नवरीसारखी नटलेली आणि काटा अर्धवट. अख्खा हंगाम वजनं जुन्या प्रोग्रॅमवर गेली. आमच्या नोंदीकडं कुणी ढुंकूनही बघितलं नाही. कोड वाईट नव्हता हो. यादीत कुठली स्टोरी वर आणि कुठली खाली एवढंच दिसतं. माणसाचं काम कुठनं सुरू होतं आणि कुठं संपतं ते दिसत नाही.

स्टोरी मॅप म्हणजे तीच यादी दोन दिशांनी पसरायची. सॉफ्टवेअर क्षेत्रातले जेफ पॅटन यांनी ही पद्धत रूढ केली. डावीकडनं उजवीकडं काम जसं घडतं तशा पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीखाली तिचे बारकावे, जास्त गरजेचे वर आणि कमी गरजेचे खाली. वरच्या ओळीला बॅकबोन म्हणतात, आम्ही सरळ कणा म्हणतो. मग सुतळी आडवी ताणायची. सुतळीच्या वर जे राहिलं तो पहिला रिलीज.

कारखान्याचा कणा असा आला: शेतकरी उसाची नोंद देतो, शेती खातं तोड देतं, टोळी तोडते, गाडी भरते, गाडी नंबरला लागते, भरलेली गाडी काट्यावर जाते, ऊस उतरतो, रिकामी गाडी परत काट्यावर, वजनाची पावती, बिल, बँकेत पैसे. प्रत्येक कार्डावर क्रियापद हवंच. ‘नोंदणी मास्टर’ असलं कार्ड दिसलं की फाडून टाका, ते स्क्रीनचं नाव आहे.

टीमला सवय नसेल तर आधी अर्धा तास सकाळ मांडायला लावा. उठल्यापासून ऑफिसला पोचेपर्यंत काय काय केलं, एका कार्डावर एक गोष्ट. मग म्हणायचं, जाग उशिरा आली, खानापूरची बस पंधरा मिनिटांत सुटणार, आता काय ठेवाल? आमच्यात अंघोळ खाली गेली, पेपर गेला, नाष्टा बसस्टँडवर ढकलला. पण कपडे घालणं आणि घराबाहेर पडणं कुणी कापलं नाही. आडवी सुतळी ओढायची म्हणजे हेच करायचं, हे न सांगता डोक्यात शिरतं.

खऱ्या मॅपला मात्र फक्त डेव्हलपर बसवू नका. आम्ही कारखान्यातनं काट्यावरच्या एका जुन्या क्लार्कमामांना बोलावलं. चहा घेत ते दहा मिनिटं भिंत वाचत होते. मग ‘वजन करणे’ या कार्डावर बोट ठेवून म्हणाले, “शेवटच्या खेपेला काय करालात?” आम्ही गप्प. “एकाचा ऊस एका ट्रॉलीत संपतोय. मागची ट्रॉली भावकीतल्या दुसऱ्याच्या उसानं भरत्यात. ट्रॅक्टर एक, खाती दोन.” आमच्या डेटाबेसात एक गाडी म्हणजे एक शेतकरी होता. १८० काय, ३०० स्टोऱ्या लिहिल्या असत्या तरी हे जिरातनं बाहेर आलं नसतं. ट्रॉलीनिहाय वजनाचं कार्ड तिथल्या तिथं लिहिलं आणि कण्याला चिकटवलं. वजनावरनं भांडण कसलं पेटतं ते आमच्या भागात वेगळं सांगायला नको.

आता रिलीज. सुतळी कुठं ओढायची हे टीमच्या आवडीवर सोडू नका, बाहेरची तारीख शोधा. आमची तारीख मोळी ठरवते, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कधीतरी. दुसरी तारीख कायद्यानं दिली. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणं ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे असतात, नाहीतर वर्षाला १५ टक्के व्याज. म्हणजे काटा पहिल्या दिवशी चालू हवा, पण बिलाच्या हिशेबाला आणखी दोन आठवडे आहेत. त्यात दर काय, हे पुष्कळदा मोळी पडल्यावरही ठरलेलं नसतं. म्हणून ‘दर मागनं भरणे’ हे कार्ड दुसऱ्या सुतळीच्या वर आलं.

पण पहिल्या रिलीजमध्ये बिलाखालची जागा पूर्ण मोकळी ठेवली नाही. ‘रोजच्या वजनांची यादी एक्सेलमध्ये काढणे’ एवढं एक साधं कार्ड तिथं ठेवलं. नोंदीखाली ‘कारखान्याची जुनी एक्सेल आत घेणे’, बस्स. कणा टोकापासून टोकापर्यंत चालला पाहिजे, लंगडत का असेना. त्याच क्षेत्रातले अलिस्टर कॉबर्न यांनी याला वॉकिंग स्केलेटन हे नाव दिलं, चालता सापळा.

गंमत बघा, नोंदीची जी स्क्रीन आम्ही सगळ्यात आधी घासली होती, ती नव्या मॅपवर चौथ्या रिलीजला गेली. पुढच्या हंगामाची नोंद सुरू होईपर्यंत तिला हात लावायची गरजच नव्हती. कामात जी पायरी पहिली, ती बांधायला पहिली घ्यावी लागतेच असं नाही. तिसऱ्यात तोडणी-वाहतुकीचे हिशेब गेले.

साहेबांच्या कार्डाचा प्रश्न तुमच्याकडंही येईल. आमच्याकडं मोबाइलवर रोजच्या गाळपाचा आलेख हवा होता. नाही म्हणायची सोय नसते. आम्ही प्रत्येक कार्डाला एकच प्रश्न लावला: हे नसलं तर मोळीच्या दिवशी काटा थांबेल का? साहेब स्वतःच उठून ते कार्ड खाली लावून आले. कागदावर यादी दाखवली असती तर ते झालं नसतं.

दिवसांचा अंदाज सुतळी ओढल्यावर, आणि फक्त पहिल्या पट्ट्याचा, म्हणजे पहिल्या सुतळीच्या वरच्या कार्डांचा. पट्टा तारखेत बसत नसेल तर कार्डं बारीक करा. काट्यावरचा आकडा आपोआप यायच्या ऐवजी क्लार्कनं टाइप केला तरी पहिला आठवडा निघतो.

जिरात करू नका. म्हणजे सुरुवात तिथं नको. ब्राउन पेपर, चिकट कार्डं, जाड मार्कर. टीम लांबलांब बसत असेल तर मिरो, म्हणजे ऑनलाइन फळा, चालेल. मॅप झाला की पहिला पट्टा जिरात चढवा, भिंत मात्र राहू द्या, पुढची सुतळी ओढताना लागते. बेळगावच्या पावसात चिकट कार्डं सकाळपर्यंत जमिनीवर येतात, वरनं सेलोटेप मारा.

आणि तुमच्या त्या १८० स्टोऱ्या पहिल्या दिवशी उघडूच नका. कोऱ्या भिंतीवर कणा मांडा, मग एकेक स्टोरी घेऊन तिला जागा आहे का बघा. आमच्या बऱ्याच स्टोऱ्यांना जागाच सापडली नाही. त्या कुणी मागितल्या होत्या हेही कुणाला आठवेना.

कण्यात किती कार्डं आली ते इथंच कळवा. वीसच्या वर गेली असतील तर बहुतेक तुम्ही पायऱ्यांऐवजी स्क्रीन लिहिल्यात.