नर्सरीत नाही घातलं तर?

नर्सरी प्रवेशाचे फलक चौकाचौकांत लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. यंदाच्या पत्रांतली पाच इथे घेतली आहेत. पहिल्या पत्राचं उत्तर लांबलंय, कारण बाकीच्या चारांचं मूळही तिथेच आहे.

प्रश्न : मुलगा सव्वातीन वर्षांचा आहे. आम्ही नागपुरात मानेवाड्याला सासू-सासऱ्यांसोबत राहतो, मी घरीच असते. जवळच्या नर्सरीची फी वर्षाला चाळीस हजार, व्हॅनचे पैसे वेगळे. सासूबाई म्हणतात, पहिलीपर्यंत घरीच राहू द्या. शेजारची मुलगी इंग्रजीत कविता म्हणून दाखवते अन् आमचं पोरगं दिवसभर अंगणात माती उकरून राहते. नर्सरीत नाही घातलं तर तो मागे पडेल का? पहिलीत थेट प्रवेश मिळतो का? — एक आई

उत्तर : आधी प्रवेशाचं. शिक्षण हक्क कायदा (२००९) ६ ते १४ वयाच्या मुलांसाठी आहे. पहिलीत यायला बालवाडी किंवा केजी केलेली असावी, अशी अट त्यात नाही. प्रवेश देताना मुलाची किंवा पालकांची चाचणी घ्यायलाही कलम १३ ने बंदी आहे. वयाचा हिशेब मात्र नीट करा. राज्याच्या नियमाप्रमाणे प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण व्हायला हवीत. ऑगस्ट २०२२ चा जन्म असेल तर २०२८ च्या जूनमध्ये पहिली. केंद्रीय विद्यालयांत हीच तारीख ३१ मार्च धरतात, म्हणजे तेच मूल तिथे २०२९ ला बसेल.

खरी अडचण कायद्याची नाही, जागांची आहे. महापालिकेच्या आणि बऱ्याच अनुदानित मराठी शाळा थेट पहिलीत घेतात. पण ज्या खासगी इंग्रजी शाळांचे स्वतःचे केजीचे वर्ग आहेत, तिथे पहिलीच्या जागा खालून वर आलेल्या मुलांनीच भरतात. एखादी ठरावीक शाळा डोक्यात असेल, तर ती बाहेरच्या मुलांना कोणत्या वर्गापासून घेते हे आजच विचारून या. त्यावरून तुमच्या हातात एक वर्ष आहे की तीन, ते कळेल.

आता ‘मागे पडेल का’. अमेरिकेत मिशिगन राज्यात १९६२ पासून गरीब घरांतल्या १२३ मुलांवर झालेला एक प्रयोग बालवाडीच्या बाजूने नेहमी सांगितला जातो. बालवाडीत गेलेली मुलं चाळिशीपर्यंत नोकरी-कमाईत पुढे दिसली. सांगताना एक गोष्ट हमखास गळते : त्या शिक्षिका दर आठवड्याला दीड तास मुलाच्या घरी जात आणि आईसोबत बसत. उलट टेनेसी राज्याच्या सरकारी बालवाडीत गेलेली मुलं सहावीपर्यंत न गेलेल्यांपेक्षा मागे पडलेली आढळली. तो अहवाल २०२२ चा. बालवाडी दोन्हीकडे होती. आत काय चालायचं, यात फरक होता.

म्हणून चाळीस हजारांच्या बदल्यात नर्सरीच्या वेळात काय मिळतं, ते पाहा. तीन ते सहा या वयात मुलाला तीन गोष्टी लागतात : भरपूर बोलणं, हातांना काम आणि बरोबरीची मुलं. पहिल्या दोन तुमच्या घरात पडून आहेत. माती उकरणं हे हातांचंच काम आहे. त्याला एक जुना डाव आणि पाण्याचा तांब्या द्या.

घरी शिकवायचं म्हटलं की टेबल, वही आणि दहा ते बाराची ‘शाळा’ सुरू होते, आणि चौथ्या दिवशी दोघंही वैतागतात. या वयाचं मूल मोठ्यांनी दिलेल्या कामात दहा-पंधरा मिनिटं रमतं. स्वतः काढलेल्या खेळात अर्धा तास. म्हणून घरातलीच कामं वापरा. मटार सोलणं, मेथी निवडणं, जेवायला बसणाऱ्यांची ताटं मोजून मांडणं, वाळलेल्या कपड्यांतून मोज्यांच्या जोड्या लावणं. संत्र्याच्या दिवसांत रोज एक संत्रं त्याच्या हातात द्या. नागपुरी संत्र्याची साल सैल असते; वरून एक चीर पाडून दिली की या वयाचं पोर ते सोलतं, फाकी मोजतं, आजी-आजोबांना वाटतं. बोटांची ताकद, मोजणी आणि वाटणी तिन्ही एका फळात. बिया तेवढ्या काढून द्या. वाल, हरभरे, राजमा खेळायला दिले तर समोरून हलू नका. मुलं ते नाकात घालतात आणि ओले झाले की ते आतच फुगतात.

दिवसातून एकदा, पंधरा-वीस मिनिटं, मांडीवर घेऊन गोष्ट. तीच ती दहा वेळा मागितली तरी वाचा. तिसऱ्यांदा मधेच थांबून ‘मग काय झालं?’ विचारा, सातव्यांदा त्यालाच सांगू द्या. दिवसाकाठी तीन तास हालचाल, त्यातला निदान एक तास धावपळीचा, हे जागतिक आरोग्य संघटनेचं तीन-चार वर्षांच्या मुलांसाठीचं माप आहे. मे महिन्यात ते सकाळी आठच्या आत आणि संध्याकाळी सहानंतर बसवावं लागेल. दुपारी परातीत पाणी, वाट्या आणि गाळणी. मात्र परात कूलरपासून लांब ठेवा, कारण लोखंडी कूलरला ओला हात लागणं हा आपल्याकडचा उन्हाळी अपघात आहे.

तिसरी गोष्ट, बरोबरीची मुलं, घरात आपोआप होत नाही. आजी-आजोबा कितीही खेळले तरी ते हरून देतात. गल्लीतली तीन-चार मुलं आठवड्यातून तीनदा, दीड तास, आळीपाळीने एकेका घरी जमवा. तीन वर्षांची असतील तर एकच खेळणं दोन-दोन ठेवा, नाहीतर नुसती ओढाताण होते. चार पूर्ण झाली की मुद्दाम कमी ठेवा, म्हणजे ‘आधी तू, मग मी’ शिकतात. मोठ्यांनी बसायचं, पण मारामारी होईपर्यंत मधे पडायचं नाही. हे जमत असेल तर सध्या घर पुरे. दोन-तीन महिन्यांत जमलं नाही, तर बालवाडी शोधा. जमलं तरी पहिलीच्या आधीचं एक वर्ष बालवाडीत जावं असं आमचं मत आहे. अक्षरांसाठी नव्हे, घराबाहेरच्या माणसाचं ऐकणं, आपला डबा आपण उघडणं आणि शू लागली की सांगणं, यांसाठी.

प्रश्न : नात साडेचार वर्षांची, केजी-वनला आहे. शंभरपर्यंत आकडे, एबीसीडी सगळं पाठ. पण रोज दोन पानं लिहायला देतात, पेन्सिल मुठीत धरते, हात दुखतो म्हणून रडते. सराव वाढवावा का? — एक आजोबा, महाल

उत्तर : लिखाणाचा सराव कमी करा, हाताचा वाढवा. हात खांद्याकडून बोटांकडे तयार होत जातो. मूल उभी रेघ साधारण दोन-तीन वर्षांत काढतं, गोल तिसऱ्यात, अधिकचं चिन्ह चौथ्यात, चौकोन साडेचार-पाचला, त्रिकोण त्याच्याही नंतर. ज्या बोटांना अजून चौकोन जमत नाही त्यांच्याकडून दोन पानं अक्षरं मागितली की मूठ वळते. मराठीत पूर्वीपासून ‘गमभन’ने सुरुवात करतात, ती यासाठीच : उभी रेघ आणि एखादं वळण जमलं की ही चार अक्षरं निघतात. ‘अ’ आणि ‘ळ’ थांबू शकतात.

करायचं काय? पाटी मांडीवर न ठेवता भिंतीला, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगा. उभ्या पाटीवर लिहिताना मनगट आपोआप बरोबर वळतं. खडू तोडून दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा द्या. एवढा तुकडा मुठीत धरताच येत नाही, तो चिमटीतच येतो. चिमटीतून रांगोळी सोडायला शिकवा. पूड डोळ्यांत जाते म्हणून रांगोळीऐवजी तांदळाचं पीठ घ्या. कणकेचा गोळा मळू द्या. बोथट टोकाची कात्री आणि जाड कागदाच्या बोटभर रुंद पट्ट्या द्या, एका कापात तुकडा पडेल अशा. पातळ कागद कात्रीत दुमडतो आणि मूल कंटाळतं. दोन महिने हे रोज वीस मिनिटं करा. बाईंना भेटून दोन पानांच्या दोन ओळी करून मागा. सहज मान्य होत नाही, तरी मागा.

आकड्यांचीही परीक्षा घ्या. सात वाट्या मांडून मोजायला सांगा. सातवर आली की विचारा, ‘एकूण किती?’ ती पुन्हा एकपासून सुरू झाली, तर शेवटचा आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे अजून उमगलेलं नाही. मग ‘पाच चमचे आण’ म्हणा. मूठभर घेऊन आली तर शंभरपर्यंतची माळ ही सध्या कविताच आहे. केंद्राच्या निपुण भारत अभियानात (२०२१) पहिलीआधीच्या वर्षाचं उद्दिष्ट दहापर्यंतचे आकडे ओळखणं आणि वाचणं एवढंच आहे. दहा पक्के करा.

प्रश्न : मी हिंगण्याला कामाला जातो, बायकोही नोकरी करते. मुलगा साडेतीन वर्षांचा, माझ्या आईजवळ असतो, टीव्ही सुरूच असतो. ‘पाणी’, ‘दे’ असे सुटे शब्द बोलतो. सगळे म्हणतात, नर्सरीत घाला, बोलायला लागेल. — एक वडील

उत्तर : नर्सरीची वाट पाहू नका. साडेतीन हे ‘उशिरा बोलणारं’ म्हणून सोडून देण्याचं वय नाही. तीन वर्षांचं मूल तीन शब्दांची वाक्यं जोडतं आणि त्याचं बरंचसं बोलणं परक्यालाही कळतं. पहिल्यांदा कानांची तपासणी. वरचेवर सर्दी होणाऱ्या मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, आणि मूल आवाजाला वळत असलं तरी शब्द त्याला पुसट ऐकू येतात. नावाने हाक मारल्यावर बघत नसेल, बोटाने दाखवत नसेल, खोटंखोटं जेवण भरवणं असले खेळ खेळत नसेल किंवा येत असलेले शब्द गेले असतील, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा. सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात ही तपासणी मोफत होते, अंगणवाडीत विचारा.

टीव्ही दिवसाला जास्तीत जास्त एक तास, तोही कुणीतरी सोबत बसून. आईंना सांगा, ‘हे काय? बोल ना’ असं विचारू नका, त्याने मूल गप्प होतं. तो ‘पाणी’ म्हणाला की ‘थंड पाणी हवं?’ एवढा एक शब्द वाढवून परत द्यायचा. केळ की संत्रं, असं विचारून पाच-दहा सेकंद थांबायचं. तुमच्यापैकी जो आधी घरी येतो, त्याने पहिला अर्धा तास फोन बाजूला ठेवावा.

प्रश्न : अंगणवाडी म्हणजे फक्त खिचडी का? खासगी नर्सरी परवडत नाही. — पाचपावली

उत्तर : नाही. हे नाव ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या कामातून आलं आहे : मुलं शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात न्यायची. केंद्राची योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. तीन ते सहाच्या मुलाला रोज आहार, वजन-उंचीची नोंद, लसीकरणाची आठवण आणि शाळापूर्व शिक्षण, सगळं मोफत. शिक्षणाचा भाग सेविकेवर अवलंबून असतो. तिच्या डोक्यावर नोंदींचं ओझं आहे, हेही खरं.

म्हणून अंगणवाडी असो की नर्सरी, वर्ग सुरू असताना मधेच जाऊन वीस मिनिटं बसा. खेळणी मुलांच्या हाताला येतील अशी आहेत की कपाटात कुलूपबंद? जास्त आवाज कुणाचा, मुलांचा की बाईंचा? २०१३ च्या राष्ट्रीय धोरणाने २० मुलांमागे एक मोठं माणूस आणि ३० मुलांना ३५ चौरस मीटर, म्हणजे साधारण ३७५ चौरस फुटांची खोली सांगितली आहे. दहा बाय बाराची खोली या हिशेबाने जेमतेम दहा मुलांची होते. भिंतीवर कार्टून रंगवलेल्या अशा खोलीत पंचवीस मुलं बसवणाऱ्या नर्सरीपेक्षा गाणी-गोष्टी घेणारी सेविका कधीही बरी. अंगणवाडी मोकळी आणि सेविका बोलकी असेल तर बिनधास्त पाठवा.

प्रश्न : केजीत इंग्रजी जड जाऊ नये म्हणून घरी इंग्रजीतच बोलावं का? आणि पहिल्या दिवशी रडला तर? — त्रिमूर्तीनगर

उत्तर : ज्या भाषेत तुम्ही भांडता, त्याच भाषेत मुलाशी बोला. ‘कम, ईट, सिट’ एवढ्यावर चालणाऱ्या इंग्रजीत ‘का’ आणि ‘मग’ येत नाहीत, आणि मुलाची विचारशक्ती त्या दोन शब्दांवरच वाढते. हिंदी तर नागपुरात रस्त्यावर फुकट मिळते. इंग्रजी गोष्टींची पुस्तकं जरूर वाचा.

रडेलच. विदर्भात शाळा जूनअखेर उघडतात. त्याआधीच दोनदा तो वर्ग, संडास आणि पाण्याची जागा दाखवून आणा. पहिले तीन दिवस एक तास, पुढचे तीन दोन तास, मग पूर्ण वेळ. नजर चुकवून पळू नका. त्याने दुसऱ्या दिवसापासून मूल तुमचा पदर सोडत नाही. ‘डबा खाल्ला की मी येते’ म्हणा आणि डब्याच्या सुट्टीनंतर खरोखर दारात उभ्या राहा. दोन-तीन आठवड्यांनंतरही रडणं थांबत नसेल, रात्री दचकून उठत असेल, कोरडं राहणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करत असेल, तर वर्गात काय घडतंय ते विचारायला जा आणि तोवर त्याला घरी ठेवा.