चिपाडाचा प्रोजेक्ट आणि त्यापुढचं

प्रश्न : मुलगी सोलापुरात बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. मोहोळजवळ आमच्या शेततळ्यात मासे आहेत. ते पाणी उसाच्या चिपाडाने शुद्ध करायचा प्रोजेक्ट तिने घेतलाय. यात करिअर आहे का? – एक पालक

उत्तर : आहे. मात्र मुलाखतीत तिला चिपाडापेक्षा आकड्यांबद्दल जास्त विचारतील.

प्रोजेक्ट माशांना घातक असलेल्या अमोनियापुरताच ठेवावा. नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा सगळं एकदम घेतलं की धड काहीच होत नाही. रसवंतीवरचं चिपाड तसंच टाकलं तर उरलेली साखर पाण्यात उतरते, जिवाणू फोफावतात आणि ऑक्सिजन घटतो. म्हणून पाणी नितळ येईपर्यंत ते गरम पाण्याने धुवावं, १०५ अंशांवर वाळवावं, दळून १ मिलिमीटरच्या चाळणीतून काढावं. ३८२ मिलिग्रॅम अमोनियम क्लोराइड १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवून १० पट पातळ केलं की लिटरला १० मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (अमोनियातल्या नायट्रोजनचं वजन) मिळतं. या द्रावणाच्या १०० मिलिलिटरला अर्धा, १ आणि २ ग्रॅम चिपाड, प्रत्येकी तीन फ्लास्क. अमोनियाची मोजणी १५, ३०, ६० आणि १२० मिनिटांनी. सोबत एक फ्लास्क बिनचिपाडाच्या द्रावणाचा, एक नुसत्या डिस्टिल्ड पाण्यात चिपाड घातलेला. तुलनेचे हे दोन फ्लास्क नसले की व्हायवात (तोंडी परीक्षेत) गाडी हमखास अडते. गाळणकागदातूनही अमोनिया उतरतो, तो आधी धुवून घ्यावा.

कच्चं चिपाड अमोनिया फारसा धरत नाही. तसा निकाल आला तर तसाच लिहावा. चिपाडाचा कोळसा करायचा मोह होईल, पण त्यातल्या राखेने पाण्याचा सामू (pH) चढतो. ३० अंश तापमानाला सामू ७ असताना अमोनियाचा विषारी भाग १ टक्क्याहून कमी असतो, ९ झाला की ४५ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे न धुतलेला कोळसा टाकला तर अमोनिया थोडा घटूनही मासे दगावतील! शिवाय बोअरच्या जड पाण्यातलं कॅल्शियम चिपाडावरची अमोनियाचीच जागा अडवतं. त्यामुळे प्रयोगशाळेतला आकडा तळ्यावर टिकेल असं धरून चालू नये.

मत्स्यविज्ञानच करायचं तर बारावीनंतर नागपूर, उदगीर किंवा रत्नागिरीजवळच्या शिरगावला चार वर्षांचं बी.एफ.एस्सी. होतं. आता त्यासाठी मागे फिरू नये. ॲनॅलिटिकल केमिस्ट्री किंवा पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करावी, पाणी तपासणी प्रयोगशाळा, साखर कारखान्यांचे सांडपाणी प्रकल्प, कोळंबी संवर्धन, सगळीकडे हेच काम लागतं.

तोवर तिने तळ्याचा सामू आणि अमोनिया पहाटे आणि दुपारी तीनला, असा दोनदा मोजून वहीत मांडावा. शेवाळ असलेल्या तळ्यात दुपारी सामू चढलेला दिसेल.