नॅशव्हिलला निघण्याआधी

कन्ट्री संगीताचं रेकॉर्डिंग शिकायला अमेरिकेत नॅशव्हिलला निघालायस ना, मग "कोणता माइक घेऊ?" हे आधी सोड. माइक स्टुडिओत असतात. तू आकडे शीक. तिथले वादक कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) नावाने नाही, तर सप्तकातल्या जागेवरून १, ४, ५ असे लिहितात. गायिकेचा घसा बसलाय, पट्टी खाली घ्या म्हटलं तरी कागद तोच. (आपल्या पेटीवाल्यांना हे चटकन कळेल.) सेशन साधारण तीन तासांचं. "कोरसच्या (म्हणजे ध्रुवपदाच्या) ४ पासून घेऊ" म्हटल्यावर तू जागा शोधत बसलास, की पाच जण काचेतून तुझ्याकडेच बघणार.

मग खोली ऐकायला शीक. माझ्या मते खरं काम इथेच आहे. इंजिनिअर बिल पोर्टर १९५९ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीच्या नॅशव्हिलमधल्या स्टुडिओ बीमध्ये आला, तेव्हा ती खोली काही सूर उगाच फुगवायची. त्याने फायबरग्लासचे पॅनेल कापून पिरॅमिड केले, छताला टांगले. शिवाय घुमणं कमी असलेल्या जागा शोधून जमिनीवर फुल्या मारल्या आणि माइक तिथे लावले. नवीन खोलीत गेलास की टाळ्या वाजवत फिर. लोक हसतील, हसू दे.

बिघाड झाला म्हणून लगेच पुसू नकोस. गायक मार्टी रॉबिन्सच्या १९६१ च्या 'डोन्ट वरी' या गाण्यात कन्सोलच्या (आवाज मिसळायच्या यंत्राच्या) बिघाडामुळे ग्रेडी मार्टिनची बास गिटार घरघरली. ती तशीच ठेवली, आणि इंजिनिअर ग्लेन स्नॉडीने पुढे त्यावरून गिटारला मुद्दाम तशी घरघर देणारं फझ पेडल उभं केलं.

सुरुवातीला मात्र केबलच गुंडाळशील. एक फेरा सुलटा, एक उलटा. कोपराभोवती गुंडाळलीस तर दुसऱ्या दिवशी बोलावणार नाहीत.