जमिनीवर पडून नाच कसा बसवायचा?

प्रश्न : मी बडोद्यात भरतनाट्यममध्ये एम.पी.ए. (पदव्युत्तर पदवी) करते. नृत्यरचनेच्या विषयासाठी चार मिनिटांचा नाच स्वतः बसवायचा आहे. पण आधी अर्धा तास ‘सोमॅटिक’ म्हणून नुसतं जमिनीवर पडायला लावतात. त्याचा रचनेशी काय संबंध? शिवाय अरैमंडीत (गुडघे बाहेर वळवून अर्धं बसण्याच्या स्थितीत) उजवा गुडघा दुखतो.
— एक विद्यार्थिनी, दांडिया बाजार

उत्तर : आधी गुडघा, कारण तो थांबणार नाही. अरैमंडीत पाय खुब्यातून बाहेर वळायला हवा. खुब्यात वाव नसताना पावलं जोर करून फाकवली की उरलेला पीळ गुडघ्यावर पडतो. आरशात बघा : गुडघ्याची वाटी पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत हवी. ती आत कलत असेल, तर पावलांमधला कोन कमी करा आणि बैठक दोन बोटं वर घ्या. सूज असेल किंवा गुडघा अडकत असेल, तर आधी अस्थितज्ज्ञांना दाखवा.

आता पडण्याबद्दल. सोमॅटिक म्हणजे शरीर आरशात न बघता आतून जाणणं. अमेरिकी तत्त्वज्ञ टॉमस हॅना यांनी 1970च्या दशकात हे नाव रुळवलं. दुहेरी सतरंजीवर उताणं पडा. गुडघे वर, पावलं खुब्यांइतक्या अंतरावर टेकलेली, डोक्याखाली पातळ वही. 12 ते 15 मिनिटं पुरतात. उघड्या गार फरशीवर अंग आखडतं, म्हणून सतरंजी हवीच. सर्वांत जास्त बिघडतं ते ‘सैल सोडायचं’ या हट्टामुळे : श्वास मुद्दाम खोल घेतला जातो आणि मान ताठरते. काही करू नका, फक्त टिपा. कोणता खांदा टेकत नाही? कंबरेखाली फट किती? उठताना कुशीवर वळून उठा.

रचना इथूनच निघते. समजा, उजवा खांदा टेकत नव्हता. मग खांद्यापासून सुरू होणारी, आदितालाच्या एका आवर्तनाची, म्हणजे 8 मात्रांची, हालचालींची एकच ओळ बांधा. मिनिटाला 60 मात्रांची लय धरली, तर चार मिनिटांत 240 मात्रा, म्हणजे 30 आवर्तनं होतात. अनेक मुली तिथे 30 नव्या गोष्टी भरतात आणि बघणाऱ्याच्या हाती एकही लागत नाही. तीन-चार ओळी पुरे. त्याच ओळी अर्ध्या लयीत करा, बसून करा, खांद्याऐवजी टाचेपासून सुरू करा, शेवटाकडून मागे न्या. मागे नेताना फोनवर चित्रीकरण करून ते उलटं चालवा, बरंच दिसतं. मात्र उडी जशीच्या तशी उलटत नाही. जिथे उतरलात तिथून आता उडायचं असतं, त्यामुळे गुडघा आधी वाकवून तोल नव्याने घ्यावा लागतो.

मार्गदर्शकांना दाखवण्याआधी एकदा नट्टुवांगमशिवाय, म्हणजे झांजा आणि बोलांच्या साथीशिवाय, शांततेत करा. ज्या जागी ओठ मात्रा मोजायला लागतात, ती जागा अजून अंगात बसलेली नाही. दुसऱ्या दिवशी तालीम तिथूनच सुरू करा.