दुपारी तीनला जड होणारं डोकं

नव्या ऑफिसात तीननंतर डोकं जड होतं, एअर प्युरिफायर आणूनही फरक नाही, आणि बाकीचे म्हणतात ‘जेवण कमी कर’, असं तुम्ही लिहिलंय. वीस वर्षं इमारतींच्या एसीची कामं करतोय. जेवणाला आधी दोष देऊ नका.

प्युरिफायर धूळ धरतो. तुम्ही श्वासातून सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्यातून जसाच्या तसा पार होतो. भिंतीवरचा स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा फिरवून गार करतो, बाहेरची आणत नाही. बाहेर हा वायू साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग, असतो. आत आकडा हजाराच्या बराच वर राहिला तर ताजी हवा पुरत नाही असं समजा. त्या पातळीला तो विष नव्हे, पण तो साठतो तिथे नव्या फर्निचरच्या गोंदाची, कार्पेटची वाफही साठते. सेंट्रल एसी असेल तर ताज्या हवेची झडप बघायला सांगा. एका ठिकाणी फॉल्स सीलिंगवर चढलो, तर ती बंद करून चक्क तारेने बांधलेली! मे महिन्यात बाहेरची हवा गार करायला वीज लागते ना.

खिडकी उघडत असेल तर तासाला दहा मिनिटं उघडा. रस्त्याची धूळ आली तर तिथे तो प्युरिफायर कामाला येईल.

आवाजाचं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण संध्याकाळच्या थकव्यात त्याचाही वाटा असावा. ‘सवय होते’ हे अर्धंच खरं. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००० साली ४० कारकून महिलांवर प्रयोग केला. तीन तास नेहमीचा ऑफिसी गलबला ऐकणाऱ्या गटाने ताण जास्त जाणवल्याचं सांगितलं नाही, पण लघवीत अ‍ॅड्रेनालिन वाढलेलं होतं, आणि अवघड कोडी त्यांनी लवकर सोडून दिली. त्रास आवाजाच्या मोठेपणापेक्षा शब्द कळण्याचा असतो. एसीची घरघर चालते, शेजारच्याचं गृहकर्जाचं बोलणं नाही. फोनसाठी वेगळी खोली मागा. काचेच्या केबिनी दिसायला झकास, आवाज मात्र टोलवतात.

सुट्टीच्या दिवशीही डोकं दुखत असेल तर डॉक्टर गाठा. नाहीतर कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या, एनडीआयआर सेन्सरचा, म्हणजे हा वायू अवरक्त प्रकाशाने थेट मोजणारा (काही स्वस्त मीटर सॅनिटायझरच्या वासानेही उडी मारतात), आठवडाभर तासातासाला आकडा लिहा, शेजारी डोकं कधी धरलं ते. तो कागद साहेबांपुढे ठेवा.