अंधाराचा निकाल इतक्यात नको

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

‘प्रकाश नसणं म्हणजे अंधार’ असं लिहून तू एका ओळीत विषय संपवलास. चूक नाही, पण घाई झाली. याच ओळीवर आपल्याकडे शतकानुशतकं वाद झाला. अंधार काळा दिसतो, दिवा हलवला की सरकतो. ज्याला रंग आणि गती आहे ते द्रव्यच, म्हणजे खरोखर असलेली वस्तूच, असं भाट्ट मीमांसक (कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसा दर्शनाचे पंडित) म्हणायचे. नैयायिकांनी, म्हणजे न्याय दर्शनाच्या तर्कपंडितांनी, ते खोडलं. ‘तर्कसंग्रह’ लिहिणाऱ्या अन्नंभट्टांनीही नऊ द्रव्यांपलीकडे अंधाराला दहावं द्रव्य मानलं नाही, तो तेजाचा अभाव ठरवला. मी नैयायिकांच्या बाजूचा. तरी मीमांसकांचा हट्ट मला आवडतो, निदान त्यांनी अंधाराकडे नीट बघितलं तरी.

आता हे बघ. पृथ्वीच्या वातावरणाबाहेर ऊन भरपूर, तरी आकाश काळं. बाजूने निघून जाणारा प्रकाश आपल्या डोळ्यांकडे वळवायला तिथे हवाच नाही. म्हणजे काळं दिसतं तिथे प्रकाश नसतोच, असं नाही.

रात्रीचं आकाश तर आणखी अवघड. विश्व अनंत आणि अनादि असतं, सगळीकडे तारे विखुरलेले असते, तर नजर जाईल तिथे एखादा तारा लागायलाच हवा होता आणि रात्र लख्ख हवी होती. जर्मन खगोलशास्त्रज्ञ ओल्बर्स यांनी १८२३ मध्ये मांडलेला हा पेच. उत्तर मुख्यतः विश्वाच्या वयात आहे. ते सुमारे १३८० कोटी वर्षं; फार दूरचा प्रकाश अजून वाटेतच आहे. शिवाय १९६५ मध्ये पेन्झियास आणि विल्सन या रेडिओ-खगोलशास्त्रज्ञांचा शोध जाहीर झाला, तेव्हा कळलं की त्या काळ्या आकाशातून सगळ्या दिशांनी सूक्ष्मलहरी (मायक्रोवेव्ह, म्हणजे प्रकाशाचाच एक प्रकार) येतच असतात. आपल्या डोळ्यांना त्या दिसत नाहीत, इतकंच.

म्हणून ‘अंधार आहे’ असं कुणी म्हटलं की कुणाच्या डोळ्यांना आणि कोणता प्रकाश, एवढं विचारत जा.

एक काम देतो. दिवे मालवून अर्धा तास बस, मोबाइलसुद्धा नको. डोळ्यांतल्या दंडपेशींना, म्हणजे मंद उजेडात बघणाऱ्या पेशींना, तयार व्हायला तेवढा वेळ लागतो आणि मोबाइलचा पडदा एकदा उजळला की सगळं पहिल्यापासून. मग एखाद्या मंद ताऱ्याच्या किंचित बाजूला बघ. थेट बघितलंस तर तो हरवेल, कारण दृष्टीच्या ऐन मध्यावर दंडपेशी नसतात.

प्रकाशात प्रकाश मिसळून काळ्या पट्ट्या कशा पडतात, तो इंग्लिश शास्त्रज्ञ थॉमस यंगचा प्रयोगही वाचून ठेव. नैयायिकांना तो जड गेला असता असं मला वाटतं. तुझं मत कळव.

तुझा,
सर