दोष एडिटरचा नाही, अर्धवट राहिलेल्या कर्नलचा

उबुंटू लिनक्सवर नवा कर्नल (सिस्टिमचा गाभा) आल्यापासून साधा एडिटरही इन्स्टॉल होत नाही, दर वेळी शेवटी 'एरर कोड १' येतो, म्हणून सगळी सिस्टिम पुन्हा टाकू का, असं तुम्ही विचारलंय. नका टाकू.

तुमचा एडिटर बहुतेक बसलाही असेल, उघडून बघा. ॲप्ट, म्हणजे उबुंटूचा पॅकेज मॅनेजर, कुठलंही पॅकेज टाकताना आधी रखडलेली पॅकेजेसही कॉन्फिगर करायला घेतं. तुमच्याकडे कर्नलचंच पॅकेज अर्धवट राहिलंय, म्हणून दर खेपेला तीच रड. शेवटची ओळ काहीच सांगत नाही. वर सरकत जा आणि पहिली एरर गाठा.

तिथे 'नो स्पेस लेफ्ट' दिसलं तर बूट पार्टिशन, म्हणजे डिस्कवरची कर्नल ठेवायची जागा, बहुतेक भरलंय. ॲप्टच्या ऑटोरिमूव्हने नको असलेले जुने कर्नल काढा. फाइली हाताने उडवू नका. मी एकदा उडवल्या होत्या, आणि पॅकेज मॅनेजर त्या आहेतच असं धरून बसला. निस्तरण्यात रविवार गेला.

पण माझा संशय डीकेएमएस या साधनावर आहे. कर्नलबाहेरचे ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स, व्हर्च्युअलबॉक्स, वायफाय डोंगल वगैरे, प्रत्येक नव्या कर्नलसाठी तो नव्याने कंपाइल करतो. कर्नलच्या आतले इंटरफेस बदलत राहतात. कर्नल ५.६ मध्ये प्रॉक फाइलींसाठी (ज्यांतून कर्नल आपली माहिती दाखवतो) वेगळं स्ट्रक्चर आलं आणि कित्येक जुने ड्रायव्हर कंपाइल होईनात. असं एक मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, अडलं की कर्नलचं इन्स्टॉलेशनही अडतं.

'डीकेएमएस स्टेटस' चालवून नव्या कर्नलसमोर कोणतं मॉड्यूल गायब आहे ते बघा. त्या कर्नलचे हेडर्स (ड्रायव्हर कंपाइल करायला लागणाऱ्या फाइली) आहेत ना, तेही तपासा. ड्रायव्हरची नवी आवृत्ती मिळाली तर ती टाका. कधीतरी घेतलेल्या, आता खणात पडलेल्या डोंगलचा ड्रायव्हर निघाला (बऱ्याचदा तोच निघतो!) तर सरळ काढून टाका. मग ॲप्टच्या मागे काम करणाऱ्या 'डीपीकेजी'ला 'कॉन्फिगर' आणि 'ए' हे पर्याय देऊन चालवा; रखडलेलं सगळं मार्गी लागेल.

तोवर ग्रबच्या, म्हणजे सुरुवातीच्या बूट मेनूच्या, ॲडव्हान्स्ड पर्यायातून आधीच्या चालत्या कर्नलवर काम करा, आणि हा एक काढू नका. मॉड्यूल कंपाइल होऊनही लोड होत नसेल तर ते बहुतेक सिक्युअर बूटच्या (सही नसलेलं मॉड्यूल अडवणाऱ्या सुरक्षेच्या) सहीचं प्रकरण आहे, त्याचा या एररशी संबंध नाही.

एवढं करूनही अडलात तर व्हार, लिब, डीकेएमएस या वाटेने जाऊन त्या मॉड्यूलच्या बिल्ड फोल्डरातली मेक-लॉग फाइल उघडा आणि 'एरर' शब्द असलेली पहिली ओळ इथे टाका. फक्त ती ओळ, स्क्रीनचा फोटो नको.